पोरगं गेम खेळतंय की वाचतंय, हे तरी आधी बघा

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या गेम्सवर बंदी आली, आणि तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर एकच सूर लागलाय, की बरं झालं, आता सगळेच गेम बंद करा म्हणजे पोरं अभ्यासाला लागतील. कायद्यात तसं काही नाहीये. कायद्यानं पैशांचे खेळ वेगळे काढलेत, आणि ई-स्पोर्ट्स, नुसत्या करमणुकीचे गेम यांना उलट प्रोत्साहन द्यायचं म्हटलंय. पण घरात बोलताना रमी, गोळीबाराचे गेम आणि माझा सांगलीचा भाचा लॅपटॉपवर तासन् तास जे वाचत बसतो ते, सगळं एकाच टोपलीत जातं. बहीण मला म्हणते, ताई, हे तुमच्या जपानचंच खूळ ना, मग तूच सांग त्याला.

मी टोकियोत निशी-कासाईला राहते, भारतीय कुटुंबांची वस्ती आहे इथे बरीच, आणि हे गेम मी स्वतः खेळते, आवडीनं खेळते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

भाचा जे खेळतो त्याला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. स्क्रीनवर मागे एक चित्र असतं, शाळेचा वर्ग, स्टेशन, कुणाचं तरी घर, त्याच्यापुढे ॲनिमेसारखी, म्हणजे जपानी कार्टूनसारखी काढलेली पात्रं उभी असतात, खाली चौकटीत मजकूर येतो, बहुतेक वेळा आवाजही असतो, आणि तुम्ही एकेक वाक्य वाचत पुढे जाता. पळणं नाही, मारणं नाही, फक्त वाचायचं. मधेच दोन किंवा तीन पर्याय येतात, हिच्याबरोबर घरी जायचं का वर्गात थांबायचं, खरं सांगायचं का गप्प बसायचं, आणि तुम्ही जे निवडाल त्यावर गोष्ट फुटते. एका फांदीला रूट म्हणतात. काही रूट चांगल्या शेवटाला जातात, काही बॅड एंडला, आणि खरा शेवट, ट्रू एंड, तो बरेचदा बाकीचे रूट वाचून झाल्याशिवाय उघडतच नाही. म्हणून सगळे पानोपानी सेव्ह करून ठेवतात, मागे येतात, दुसरा पर्याय घेतात, आधी वाचलेला मजकूर भराभर पुढे न्यायचं बटण असतं ते वापरतात आणि नव्या फांदीवर परत नीट वाचायला लागतात. फेट/स्टे नाइटसारखा २००४ चा गेम सगळा वाचायचा तर पन्नास तासांच्या वर जातो. दहावीतलं कुठलं पोरगं स्वतःच्या मर्जीनं एवढं वाचतं, मला सांगा.

आणि ही काल-परवाची फॅशन नाहीये. १९८३ मध्ये युजी होरी यांनी पोर्तोपिया नावाचा गेम केला, कोबे शहरात खून होतो आणि तुम्ही तपास करायचा, हेच होरी पुढे ड्रॅगन क्वेस्ट या गेममुळे जपानभर माहीत झाले. मग १९९४ चा कामाइताची नो योरू, चुनसॉफ्ट कंपनीचा, बर्फाच्या वादळात अडकलेलं एक स्कीइंगचं गेस्टहाऊस, पाहुण्यांच्या नुसत्या निळ्या सावल्या दिसतात, चेहरे नाहीत, आणि एक खून. ही कथा ताकेमारू आबिको या रहस्यकादंबरीकारानं लिहिलीय, म्हणजे कादंबरी लिहिणारा माणूस, त्याला बोलावून लिहून घेतलीय. तुम्हाला वेळेत खुनी ओळखता आला नाही तर आणखी एक जण मरतो, मग आणखी एक, उरलेले एकमेकांवर संशय घेतात, शेवट फार वाईट होतो. तो वाईट शेवटसुद्धा पूर्ण लिहिलेला असतो, "हरलात" असं नुसतं लिहून येत नाही. मग तुम्ही परत जाता आणि विचार करता की कुठे चुकलं, कुणाचं कुठलं वाक्य मी नीट वाचलं नाही.

मला या प्रकाराबद्दल जे कौतुक आहे ते इथे आहे. २००८ चा ४२८ नावाचा गेम घ्या, टोकियोच्या शिबुया भागातला एकच दिवस, सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत, ॲनिमेऐवजी खऱ्या नटांचे फोटो, पाच मुख्य माणसं, त्यात एक तरुण पोलीस आहे, एक रस्त्यावरचा कचरा उचलणारा पोरगा आहे जो आधी टोळीचा म्होरक्या होता, एक विषाणूंवर काम करणारा शास्त्रज्ञ आहे. एकानं घेतलेल्या साध्या निर्णयानं दुसऱ्याच माणसाचा, ज्याला तो ओळखतही नाही, घात होतो. तुम्ही त्या दुसऱ्याच्या गोष्टीत अडकलात की त्याच्या गोष्टीत कितीही पर्याय बदला, काही होत नाही, पहिल्याच्या गोष्टीत जाऊन त्याचा निर्णय बदलावा लागतो. फामित्सु या गेमच्या मासिकानं याला ४० पैकी ४० दिले होते. स्टाइन्स गेट, २००९ चा, टोकियोच्याच आकिहाबारा भागात घडतो, त्यात तर पर्यायांची यादीच येत नाही, हातात फोन असतो, तो उचलायचा का नाही, आलेल्या मेलमधल्या कुठल्या शब्दावरून उत्तर द्यायचं, एवढ्यावर गोष्ट वळते, आणि या गोष्टीत मागच्या काळात मेसेज पाठवून घडलेलं बदलता येतं, तसा पाठवलेला प्रत्येक मेसेज नंतर पुसायची वेळ येते तेव्हा कुणा ना कुणा मित्राची मनापासूनची इच्छा त्याच्याबरोबर पुसावी लागते. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा रात्री फोन बाजूला ठेवून बसले होते, पुढचं बटण दाबवेना. हे पुस्तकात वाचलं असतं तर वाईट वाटलं असतंच, पण तो निर्णय मी घेतला असं वाटलं नसतं.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवून बोलण्यात अर्थ नाही. या प्रकाराचा एक मोठा भाग प्रौढांसाठीच्या गेम्समधून वाढलाय. वर सांगितलेला फेट मुळात प्रौढांसाठीच आला होता, प्रौढ दृश्यं काढलेल्या आवृत्त्या नंतर आल्या. पण २००४ चाच क्लॅनाड, कुटुंबावरचा, बापलेकाच्या अबोल्यावरचा, तो पहिल्यापासून सगळ्या वयांसाठी होता आणि तोही लोकांनी डोक्यावर घेतला. इथे कन्सोलच्या गेमवर सेरो नावाच्या संस्थेचं वयाचं अक्षर असतं, ए पासून झेड पर्यंत, झेड म्हणजे अठराच्या वर, दुकानात ते वेगळे ठेवतात. आपल्याकडे भाचा कुठून काय डाउनलोड करतो ते बहिणीला माहीत नाही आणि तिला बघायचंही नाहीये, तिला फक्त लॅपटॉप बंद हवाय. त्याच्या शेजारी बसून अर्धा तास बघ, असं मी तिला तीनतीनदा सांगते.

आणि जपानात सगळं आलबेल आहे असं कृपा करून समजू नका. कागावा प्रांतानं २०२० च्या एप्रिलपासून नियमच केला, अठराखालच्या पोरांनी शाळेच्या दिवशी ६० मिनिटं आणि सुट्टीला ९० मिनिटंच गेम खेळावेत, घरच्यांनी तेवढं पाळावं. दंड वगैरे नाही, पण कायदा. एका शाळकरी मुलानं आणि त्याच्या आईनं कोर्टात दावा केला, २०२२ मध्ये ताकामात्सुच्या कोर्टानं नियम घटनेला धरून आहे असं सांगितलं. तेव्हा इथल्या ऑफिसात जेवताना जी बोलणी ऐकली ती आणि आमच्या ग्रुपवरची बोलणी यात काडीचा फरक नव्हता, मिनिटं किती हाच मुद्दा, त्या मिनिटांत पोरगं करतंय काय हे कुणी विचारेना. साठ मिनिटांत कामाइताचीचा एक शेवट जेमतेम वाचून होतो, आणि साठच मिनिटांत मोबाईलवर गाचा फिरवून आईबापाचे हजारो येन उडवता येतात. गाचा म्हणजे पैसे देऊन नशिबावर पात्र मिळवायचं, फेटचाच २०१५ चा मोबाईल गेम त्यावर चालतो, आणि हे म्हणताना मला त्रास होतो कारण त्या पात्रांवर माझं प्रेम आहे. २०१२ मध्ये इथल्या ग्राहक विभागानं त्यातला सर्वांत वाईट प्रकार, ठरावीक सेट पूर्ण केला तरच बक्षीस, बेकायदा ठरवला. म्हणजे जिथे पैसा आणि नशीब आहे तिथे दोन्ही देशांच्या सरकारांनी बोट ठेवलं, ते योग्यच आहे. गोष्ट वाचणाऱ्या पोराला त्याच दांडक्यानं का मारता?

इथलं नॅशनल डाएट लायब्ररी, म्हणजे संसदेचं ग्रंथालय, २००० पासून डिस्क-पॅकेजमध्ये आलेले गेमसुद्धा पुस्तकांबरोबर जमा करून घेतं. मला हे कळलं तेव्हा आपल्या गावोगावच्या वाचनालयांची आठवण आली, जिथे पुस्तकं आहेत, पेपर वाचणारे आजोबा आहेत आणि पंधरा वर्षांचं कुणी नाही.

२०२५ मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून महाराष्ट्रात केवढा वाद पेटला, सरकारला जीआर मागे घ्यावे लागले, मराठीला अभिजात दर्जा त्याच्या आधीच मिळाला होता. भाषेसाठी लोक रस्त्यावर येतात याचा मला इतक्या लांबून अभिमान वाटला, खरंच. पण माझ्या भाच्याला जे वाचायला आवडतं ते इंग्रजीत मिळतं, जपानीतून भाषांतर होऊन, आणि मराठीत त्या तोडीचं माझ्या तरी पाहण्यात काही नाही. माझं स्वतःचं जपानी वाचन क्लासनं जेवढं सुधारलं तेवढंच या गेम्सनी सुधारलं, कारण वाक्य समोर असतं, आवाज असतो, मागचं वाक्य परत ऐकता येतं, आणि पुढे काय होतं याची ओढ असते. हीच ओढ लंडन-न्यू जर्सीत वाढणाऱ्या मराठी पोरांना मराठी वाचायला का लावणार नाही?

खर्चाचं म्हणाल तर रेनपाय नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात असे गेम करता येतात, आता देवनागरी जोडाक्षरंही त्यात नीट दिसतात. थ्रीडी नको, मोठी कंपनी नको. लिहिणारा, चित्रं काढणारा, आवाज देणारे चार जण, संगीत देणारा एक. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेला दरवर्षी कॉलेजची पोरं नेमकी हीच टीम घेऊन उतरतात! आंबोली घाटात दरड कोसळून रात्रभर अडकलेली एसटी घ्या, अकरा प्रवासी, एक कंडक्टर, सकाळी एक जण कमी. अर्ध्या तासाची कथा, तीन-चार शेवट. कुठल्याही दिवाळी अंकानं नेहमीच्या रहस्यकथेच्या जागी एकदा हे छापील अंकाबरोबर ऑनलाइन द्यावं आणि पानावर क्यूआर कोड टाकावा. कुणी मनावर घेतलं तर फांद्या कशा बांधायच्या, कुठला शेवट कधी उघडायचा, याचे तक्ते काढून द्यायला मी तयार आहे, शनिवार-रविवार माझे मोकळे असतात.