चोवीस जणींचा डबा

घरात आम्ही तिघं जेवणारे आणि परसात चोवीस जणी. आम्हा तिघांत जेवणाला नाव ठेवायची हिंमत कुणी करत नाही (मी केली होती, एकदाच). परसातल्या मात्र रोज ठेवतात.

कोंबड्या ग्रामप्रिया जातीच्या. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला साधारण 120 ग्रॅम खाद्य लागतं. म्हणजे चोवीस जणींना 2 किलो 880 ग्रॅम. मी पारनेरकडचा, हिशेबी माणूस. वजनकाटाच आणला. भरडलेला मका, सोयाबीनची पेंड, तांदळाचा कोंडा, चुनखडीची पूड, सगळं गोणपाटावर फावड्यानं खालीवर केलं. लेकीच्या लग्नातही मी एवढा राबलो नव्हतो.

पहिलीनं चोच घातली आणि मक्याचा कण उचलला. उरलेलं डावीकडे-उजवीकडे उडवलं, पुन्हा मक्याचा कण. पाच मिनिटांत मका संपला, पेंड मातीत आणि पूड तळाशी. मिसळीतलं फरसाण तेवढं खाऊन उठणारी माणसं मी पाहिली आहेत, पण ती निदान बिल तरी देतात.

मग कुणीतरी सांगितलं, ओलं करून घाला, भुकटी दाण्याला चिकटते. चिकटली. माझ्या लेंग्यालाही चिकटली, कारण पाटी खाली ठेवूच देत नाहीत. एक पायावर, दुसरी थेट पाटीत, तिसरी माझ्या चपलेचा बंद गांडूळ समजून ओढतेय. वर ओलं खाद्य दुपारपर्यंत संपलं नाही तर आंबतं, म्हणून उरलेलं खरवडायचं कामही माझंच.

एवढं करून त्यांना माझ्यासमोर जरा रांगेला लावावं, तर ओसरीवरून आई "तीऽ तीऽ तीऽ" करत पसाभर ज्वारी फेकते. सगळ्या पसार!

"काय रे ती पूड घालतोस! अंड्यावर आहेत बिचाऱ्या."

अंड्यावर आहेत म्हणूनच तर पूड! पण आईला कॅल्शियमचे टक्के कोण सांगणार?

परवा एक अंडं कवचाविनाच आलं. नुसता पापुद्रा, हातात घेतलं तर पाण्याचा फुगा. कवच घडायला वीसेक तास लागतात आणि ते काम बरंचसं रात्री चालतं. म्हणून संध्याकाळी शिंपल्याचा जाडसर चुरा द्यायचा, तो पोटात हळूहळू विरघळत राहतो. अंधार पडला की बाईसाहेब खुराड्यात, मग दाराशी ताट नेलं तरी मान वळवत नाहीत. तेव्हा भर उन्हात गाडीला किक मारली, तालुक्याला गेलो आणि दिवस मावळायच्या आत धापा टाकत परतलो.

बायको दारातच उभी.

"मिळालं का कॅल्शियम?"

"मिळालं की! चांगलं दोन किलो!"

"दोन किलो?"

तेव्हा खिशातली चिठ्ठी काढली. एका बाजूला माझ्या अक्षरात 'शिंपला 2 किलो'. दुसऱ्या बाजूला डॉक्टरांच्या अक्षरात बायकोच्या गोळ्या, पंधरा दिवसांपूर्वीच्या.

त्या रात्री मलाही ज्वारीच मिळाली. भाकरी होती, कालची.