फुकटची लस हलकी, म्हणून ताप येतो?

वस्तीवस्तीतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरणारा मेसेज थोडक्यात असा: अंगणवाडीत मिळणारी फुकटची लस हलक्या प्रतीची, म्हणून बाळाला ताप येतो, खासगीतल्या महागड्या लशीने येत नाही. त्यात नागपूरचं ऊन, डब्यातून आणेपर्यंत लस खराबच होते. आणि सर्दी झालेल्या बाळाला एकाच दिवशी तीन-तीन सुया तर देऊच नका.

ताप येतो, हे खरं आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या पेंटात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया आणणारा एक जंतू) अशा पाच रोगांवरची लस असते. ताप आणतो तो मुख्यतः डांग्या खोकल्याचा भाग. सरकारी लशीत त्या जंतूची मेलेली अख्खी पेशी असते, खासगीत ‘पेनलेस’ म्हणतात त्या लशीत त्यातली मोजकी प्रथिनं. म्हणून ताप कमी. पण संरक्षणही लवकर ओसरतं. अमेरिकेत १९९० च्या दशकात सगळीकडे हीच मोजक्या प्रथिनांची लस आली. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात डांग्या खोकल्याची मोठी साथ आली तेव्हा वेळच्या वेळी डोस घेतलेली शाळकरी मुलंही आजारी पडली. पेनलेस घेतली असेल तर बिघडलं काही नाही. पण ती जास्त असरदार म्हणून महाग, असं नाही.

ताप बहुधा त्याच दिवशी चढतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. पॅरासिटामॉलचा एक डोस वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. पाच किलोच्या बाळाला ५० मिलिग्रॅम धरा: १०० मिलिग्रॅम प्रति मिलिवाले ड्रॉप्स असतील तर अर्धा मिलि, ५ मिलित १२५ मिलिग्रॅमवालं सिरप असेल तर २ मिलि. घोळ इथेच होतो. सिरपचं माप डोक्यात ठेवून ड्रॉप्स २ मिलि पाजले की डोस चौपट! बाटलीवरचा आकडा वाचून, किंवा सिस्टरला दाखवूनच द्या. दोन डोसांत निदान सहा तास. मांडीवर तेल, हळद, बटाटा काही चोळू नका; गार पाण्याची स्वच्छ पट्टी पुरते. तीन तास न थांबणारं रडणं, झटका, बाळ निपचित पडणं यापैकी काही दिसलं तर थेट दवाखाना.

आता उन्हाचं. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा शंका रास्त आहे. पण तिचं उत्तर कुपीवरच असतं. लेबलवर किंवा झाकणावर एक गोल आणि त्यात चौकोन असतो, त्याला व्हीव्हीएम म्हणतात. उष्णता लागत जाते तसा चौकोन काळवंडतो. चौकोन गोलापेक्षा फिका तोवर लस चालते. दोन्ही सारखे झाले की कुपी बाद. सिस्टरला दाखवायला सांगा, त्यात अपमान कसला.

खरी नाजूक बाजू उलटी आहे. पेंटा, पीसीव्ही (न्यूमोनियाची), टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) या लशी गोठल्या की निकामी होतात, आणि व्हीव्हीएमला गोठणं कळत नाही. डीप फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक तसेच कॅरिअरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या डब्यात, ठेवले तर भर उन्हाळ्यातही हे घडतं. म्हणून चारही पॅक आधी बाहेर ठेवायचे; अंगावर घाम सुटला, कानाशी हलवल्यावर आत पाणी खळखळलं, की मगच भरायचे. सकाळी घाई झाली की नेमकं हेच राहतं. संशय आला तर मुद्दाम गोठवून वितळवलेली त्याच बॅचची कुपी शेजारी धरून दोन्ही हलवतात. संशयित कुपीतला गाळही तितक्याच भरभर बसला तर ती टाकायची.

साधी सर्दी, किरकोळ खोकला हे लस टाळायचं कारण नाही. दीड महिन्याला तीन सुया असतात हेही खरं: डाव्या मांडीत पेंटा, उजवीत पीसीव्ही, उजव्या दंडावर कातडीत पोलिओची ०.१ मिलि. तिन्ही एकाच दिवशी दिल्याने असर कमी होत नाही. उलट, रोजंदारीवरच्या आईची दुसरी फेरी, म्हणजे दुसऱ्या दिवसाची मजुरी वाचते. कुटुंब बालाघाटला किंवा छत्तीसगडला जाऊन महिन्यांनी परतलं, तरी पहिल्यापासून सुरुवात नाही. राहिलेल्या डोसापासून पुढे. कार्ड मात्र सोबत न्या.

मेसेजवाल्यांनी विचारायला हवं होतं ते वेगळंच. रांग लांब असली की कोणती लस दिली, पुढची कधी, ताप आला तर काय, हे सांगायचं राहून जातं. बीसीजीच्या (क्षयाच्या लशीच्या) जागी दोन-चार आठवड्यांनी फोड येऊन पिकतो, हेही कोणी सांगत नाही, मग आजी त्यावर मलम लावते. आणि गोवर-रुबेलाची कुपी पाणी मिसळल्यावर चार तासच चालते. ती कधी उघडली ते लेबलवर लिहिलेलं असतं. वेळ लिहिलेली नसेल, तर त्या कुपीतली लस घेऊ नका, नवी उघडायला सांगा.