गरुड स्वतःची चोच फोडत नाही

कुणाची नोकरी गेली, कुणी मोठ्या आजारातून उठलं, की ग्रुपवर हमखास एक मेसेज येतो. गरुड म्हणे सत्तर वर्षं जगतो, पण चाळिशीत त्याची नखं निकामी होतात, चोच वाकते, पंख जड होतात. मग तो डोंगरावर एकटा जातो, खडकावर आपटून चोच तोडतो, नवी चोच आली की तिनं नखं आणि पिसं उपटतो. दीडशे दिवसांच्या यातना सोसून आणखी तीस वर्षं जगतो. तात्पर्य असं, की पुन्हा उभं राहायचं तर आधी स्वतःला मोडावं लागतं. हे आधीच खचलेल्या माणसाला पाठवलं जातं, म्हणून ते मुद्द्यानिशी खोडून काढणं मला गरजेचं वाटतं.

सत्तर वर्षांचं आयुष्य. रानातले मोठे गरुड साधारण वीस-तीस वर्षं जगतात. अमेरिकेतल्या पांढऱ्या डोक्याच्या बाल्ड ईगलमधला, रानातला सर्वांत वयस्क नोंदलेला पक्षी 38 वर्षांचा होता. 1977 मध्ये त्याच्या पायात ओळखीची कडी घातली होती आणि 2015 मध्ये तो गाडीच्या धडकेनं मेला.

चोच तोडणं. चोच आतून हाडाची असते आणि वर केराटिनचं आवरण असतं, आपल्या नखांत असतं तेच द्रव्य. हे आवरण जन्मभर वाढत राहतं आणि खाताना, फांदीवर घासताना झिजत राहतं. म्हणजे ‘जुनी’ चोच टाकून नवी आणायची वेळच येत नाही. खरोखर चोच गेलेल्या गरुडाचं काय होतं, तेही माहीत आहे. 2005 मध्ये अलास्कात ब्यूटी नावाची बाल्ड ईगल मादी सापडली. गोळी लागून तिची वरची चोच उडाली होती. तिला मांस फाडता येईना, नीट पाणी पिता येईना, पिसं साफ करता येईनात. ती उपासमारीनं मरायला टेकली होती. माणसांनी तिला हातानं भरवलं. बराच काळ वाट पाहूनही चोच पुरेशी वाढेना, तेव्हा थ्रीडी प्रिंटरवर बनवलेली चोच तिला बसवली. ती जगली, पण तिला पुन्हा रानात सोडता आलं नाही.

पिसं उपटणं. पिसं झडतात आणि नवी येतात, पण थोडी थोडी, उडणं न थांबवता. मोठ्या गरुडांत सगळी पिसं बदलायला एकाहून जास्त वर्षं लागतात. एकदम सगळी गेली तर शिकार बंद.

दीडशे दिवस उपाशी राहण्याबद्दल वेगळं काही सांगायला नको. कुठलाही गरुड तेवढा तगणार नाही.

आता मुख्य दावा: एकट्यानं सोसलं की उभारी येते. याच बाल्ड ईगलची खरी हकीकत याच्या उलट आहे. डीडीटी हे कीटकनाशक माशांमधून त्यांच्या अंगात गेलं आणि अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली, की उबवायला बसलेल्या आईच्या वजनानं ती फुटायची. 1963 मध्ये अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवर जेमतेम 417 जोड्या उरल्या. त्या पक्ष्यांच्या चिवटपणात काही कमी नव्हतं. 1972 मध्ये डीडीटीवर बंदी आली, घरट्यांना संरक्षण मिळालं आणि 2007 मध्ये साडेनऊ हजारांहून जास्त जोड्या झाल्यावर हा पक्षी धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर आला.

आपल्याकडच्या गिधाडांचं दुखणंही असंच बाहेरून आलं. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली आणि पांढऱ्या पाठीची गिधाडं पंधरा-एक वर्षांत शंभरातलं एकही धड उरलं नाही. 2006 मध्ये गुरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली. तरी गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. भरून यायला कित्येक दशकं लागतील, आणि तीही विष पुन्हा पोटात गेलं नाही तरच.