मामा, ईमेल बंद करू नका, तो फॉरवर्ड बंडल आहे

परवा तासगावच्या मामांचा फोन, "अरे ते ईमेल बंद कसं करायचं सांग, आता नवीन मेसेजच्या ॲपवर सगळं होतंय म्हणं, तिथं स्पॅमची भानगडच नाही." घरच्या ग्रुपवर फिरतोय तो फॉरवर्ड, तिघांनी अंगठा पण दिलाय. मामांचा बेदाण्याचा व्यापार, जीएसटीचं, इन्कम टॅक्सचं सगळं त्याच ईमेलवर येतं, आणि निघाले बंद करायला! ग्रुपवर लिहिलं की भांडणं लागतात म्हणून इथं लिहितोय.

फॉरवर्ड म्हणतो, ॲपला मोबाईल नंबर लागतो, स्पॅमवाला येऊच शकत नाही. सिमकार्ड काय फक्त सज्जनांनाच मिळतं का? व्हॉट्सॲपचाच भारताचा महिन्याचा रिपोर्ट बघा, २०२१ च्या आयटी नियमांमुळं काढावा लागतो त्यांना, जानेवारी २०२४ या एका महिन्यात ६७ लाखांवर खाती बंद केली. सगळी नंबर घेऊनच आलेली. नवीन ॲपवर स्पॅम दिसत नाही कारण अजून गिऱ्हाईकच नाही, बाजार भरला की खिसेकापू येतातच.

पण डोकं फिरलं ते पुढच्या वाक्यानं, "मेसेज एन्क्रिप्टेड असतो म्हणून फसवणूक अशक्य". अहो, मधल्या कुणाला वाचता येत नाही एवढाच त्याचा अर्थ, पाठवणारा चोर असला तर चोराचा मेसेज सुखरूप पोचतो! उलट कंपनीलाच मजकूर दिसत नाही म्हटल्यावर ती मजकूर बघून गाळणार कशी? ईमेलचा फिल्टर तेच तर करतो. गेल्या लग्नसराईत पाहुण्यांच्या नंबरवरनं ग्रुपवर पत्रिका आली, फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके. एपीके म्हणजे ॲप बसवायची फाईल, पत्रिकेला ॲप कशाला लागतंय? पाहुण्यांचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात, त्यांना पत्ता नाही. मावशीनं ओळखीचा नंबर बघून दाबलं, एसएमएस, म्हणजे बँकेचे ओटीपी, वाचायची परवानगी मागितली तेव्हा पोरानं फोन हिसकावला म्हणून वाचली. जीमेल तर एपीके जोडूच देत नाही.

आता खरं ते खरं, ईमेलमध्ये कचरा आहे, माझ्याच इनबॉक्सचा उकिरडा झालाय. स्पॅमचा जन्मच तिथला, १९७८ साली एका कॉम्प्युटर विकणाऱ्यानं अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवर, चारेकशे जणांना जाहिरात पाठवली. कुणीही कुणालाही पाठवू शकतो ही ईमेलची खोड, पण त्याच खोडीमुळं जीमेलवरनं रेडिफला मेल जातो. व्हॉट्सॲपवरनं अरट्टई या दुसऱ्या मेसेजच्या ॲपवर मेसेज टाकून दाखवा बघू. ४ ऑक्टोबर २०२१ ला व्हॉट्सॲप सहाएक तास झोपलं, मेल चालूच होते.

"ईमेल जुनं झालं" हा मुद्दा सोडूनच देतो, एसटी पण जुनीच आहे.

मामांना म्हटलं, ईमेल ठेवा, फक्त पासवर्ड बदला, पैसे गेलेच कधी तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा. आत्ताचा पासवर्ड विचारला तर म्हणाले, "तो सीएकडं असंल की."