सॉरी म्हटलं की एक राउंड

कॉलेजात मी दोन वर्षं फुटबॉल टीमचा गोलकीपर होतो हे बायकोने कॉलनीत कुणाला तरी सांगितलं, आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी साडेसहाला इंदूरच्या लोकमान्य नगरजवळच्या एका मैदानावर आम्ही जमतो, आम्ही म्हणजे अकरा मुली, एक चार नंबरचा बॉल (सगळ्या नऊ ते बाराच्या, पाच नंबरचा मोठ्यांना) आणि माझा उजवा गुडघा.

मला वाटलं होतं ड्रिब्लिंग शिकवणं जड जाईल. कसलं काय, जड गेलं ते सॉरी! एकीने दुसरीचा बॉल काढला की लगेच थांबून "सॉरी यार", मग दुसरी "कुछ नहीं रे, तू घे", आणि बॉल मधे पडलेला, प्लेटीतल्या शेवटच्या जिलबीसारखा, कोणी हातच लावेना. ह्याच मुली घरी भावाच्या हातातून रिमोट हिसकावतात, तेव्हा नसतं बरं का सॉरी. शेवटी नियम काढला, सॉरी म्हटलं की मैदानाला एक राउंड. पहिल्या रविवारी प्रॅक्टिस झालीच नाही, सगळ्या पळतच होत्या.

पहिली मॅच 0-5 हरलो. रडारड. मी म्हटलं, अगं 2022 ला भुवनेश्वरला अंडर-17 वर्ल्ड कपात आपल्या मुली अमेरिकेकडून पहिलीच मॅच 0-8 हरल्या, तरी पुढच्या मॅचला उभ्या राहिल्याच ना? (पुढच्या दोन्हीही 0-3 आणि 0-5 गेल्या हे खाऊन टाकलं.) आणि 2025 च्या जुलैत आपल्या सीनियर टीमने थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 हरवून एशियन कप गाठला, हेही सांगितलं. पण पोरींच्या डोक्यात राहिला तो आठचा आकडा.

दुसरी मॅच 0-7. आमची गोलकीपर उड्या मारत आली, "काका, एक कमी! अमेरिकेने तर आठ मारले होते ना!" आता ह्यावर काय बोलणार.

पण त्याच मॅचमधे आमच्या सगळ्यात बुटक्या पोरीने समोरच्या उंच मुलीच्या पायातून बॉल काढला, त्यावर पाय ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, ओठ घट्ट मिटलेले, सॉरी गिळताना मला इथून दिसलं हो! मी आनंदाने असा काही उडालो की शेजारी उभ्या त्यांच्या कोचचा चहा त्यांच्याच पांढऱ्या शर्टावर.

"सॉरी सर, सॉरी!"

मैदानातून गोलकीपर ओरडली, "काका, दोन राउंड! दोनदा म्हटलं!"