कुबा दुसऱ्या दिवशी मैदानावर गेला नव्हता

पोलंडचा माजी फुटबॉलपटू, मिडफिल्डर याकुब ब्वाश्चिकोफ्स्की, म्हणजे कुबा, याच्या नावाने एक मेसेज मराठी ग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय की डोळ्यांदेखत आईचा खून झाला, तरी हा पोरगा दुसऱ्याच दिवशी बूट घालून मैदानावर उभा राहिला. त्याला कुणाचाही आधार नव्हता. पुढे त्याने तुरुंगात जाऊन बापाला माफ केलं, चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा जिंकली आणि शेवटी जुन्या क्लबसाठी फुकट खेळला. खाली तात्पर्य: ‘रडणारे मागे राहतात.’

माझी मावसबहीण जाऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा एका नातेवाइकाने हा मेसेज तिच्या मुलाला पाठवला. मुलगा फुटबॉल खेळतो, म्हणून. आपण सरावाला जात नाही हे चुकतंय का, असं त्याने मला विचारलं, तेव्हा हे लिहायला बसले.

खून झाला आणि त्याने तो पाहिला, एवढं खरं आहे. 1996 साली वडिलांनी आईवर चाकूने वार केले, तेव्हा कुबा दहा वर्षांचा होता. पण ‘दुसऱ्याच दिवशी मैदानावर’ हे धादांत खोटं आहे. 2015 मध्ये त्याचं आत्मकथन पुस्तकरूपाने आलं, तेव्हा तो या विषयावर पहिल्यांदा सविस्तर बोलला. त्या घटनेनंतर तो कित्येक दिवस अंथरुणातून उठलाच नव्हता. फुटबॉल सोडायच्या बेतात होता. दहा वर्षांच्या मुलाचं दुसरं काय होणार? ज्याने हे वाक्य रचलं त्याने एका मुलाचा शोक पुसून टाकला आणि ते पुसलेलं रूप दुसऱ्या शोकात असलेल्या मुलांना आदर्श म्हणून दाखवलं. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. आईसाठी रडणारा मुलगा मागे पडत नाही. कुबा स्वतः पुढे प्रत्येक गोल झाल्यावर दोन्ही हात आभाळाकडे करायचा, ते आईसाठीच. पोलंडचा कर्णधार झाल्यावरही त्याने आपलं दुःख लपवलं नाही.

‘कुणाचाही आधार नव्हता’ हे तर सरळ अन्यायाचं आहे. त्याला आणि त्याच्या भावाला आजोळने वाढवलं. आजी फेलित्स्याने दोघांना सांभाळलं आणि फुटबॉलकडे परत आणलं ते मामाने. हा मामा म्हणजे येझी ब्झेंचेक, 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकणाऱ्या पोलिश संघाचा कर्णधार. असा मामा पाठीशी होता म्हणून तो मुलगा उभा राहिला. मेसेज लिहिणाऱ्याला एकटा लढणारा वीर हवा होता, म्हणून आजी आणि मामा दोघांनाही कथेतून हाकलून दिलं.

तुरुंगातल्या माफीचं काय? वडील 2012 मध्ये वारले, युरो म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या ऐन तोंडावर. कुबा अंत्यविधीला गेला आणि मग राष्ट्रीय संघाच्या शिबिरात दाखल झाला. तिरडीमागे चालणं म्हणजे माफ करणं, असा अर्थ आपण बाहेरच्यांनी काढू नये. त्याच स्पर्धेत वॉर्सामध्ये रशियाविरुद्ध त्याने डाव्या पायाने बरोबरीचा गोल मारला.

चॅम्पियन्स लीगबद्दल वेळ घालवायची गरज नाही. अंतिम सामना, 25 मे 2013, लंडनचं वेम्बली मैदान, बायर्न म्युनिक 2, डॉर्टमुंड 1. कुबा डॉर्टमुंडकडून सुरुवातीपासून खेळला आणि हरला. याच क्लबकडून त्याने 2011 आणि 2012 ची बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची मुख्य लीग, जिंकली, 2012 चा जर्मन कपही जिंकला. खरं यश एवढं असताना खोटा करंडक कशाला?

फुकट खेळण्याच्या गोष्टीत मात्र तथ्य आहे, हे कबूल करावं लागतं. 2019 च्या सुरुवातीला विस्वा क्राकूफ हा त्याचा जुना क्लब बुडायला आला होता, खेळाडूंचे पगार थकले होते, परवाना स्थगित झाला होता. कुबा आणि आणखी दोघांनी मिळून 40 लाख झ्वोती (पोलंडचं चलन) कर्जाऊ दिले. तो महिना 500 झ्वोतींच्या नाममात्र पगारावर परतला आणि तेही अनाथालयातल्या मुलांच्या तिकिटांसाठी दिले. पण मेसेजमध्ये हे सगळं विजयाची सांगता म्हणून येतं, आणि तसं झालं नाही. जानेवारी 2014 मध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटल्यापासून दुखापतींनी त्याची पाठ सोडली नव्हती. युरो 2016 मध्ये त्याने दोन गोल केले, पण उपांत्यपूर्व फेरीत पोर्तुगालविरुद्ध त्याचीच पेनल्टी अडवली गेली आणि पोलंड बाहेर पडला. ज्या विस्वासाठी त्याने पैसे घातले, तो क्लब 2022 मध्ये खालच्या विभागात घसरला. तेव्हा क्लबचा प्रशिक्षक होता तोच मामा, येझी ब्झेंचेक.