लाल कोट कोण घालणार?

अमेरिकेतल्या लेक्सिंग्टन गावच्या हिरवळीवर एप्रिलमधल्या त्या पहाटे साडेचारला पोचलं तरी पुढची जागा मिळत नाही. लोक घरून शिड्या आणतात, पोरं बापाच्या खांद्यावर बसतात, थंडीनं बोटं वळत नाहीत. साडेपाचच्या सुमारास बोस्टनच्या रस्त्यानं ताशासारखा आवाज येतो आणि झाडांमागून लाल कोटांची रांग दिसायला लागते. समोर शेतकरी, सुतार, बापलेक असे सत्त्याहत्तर जण उभे. कुठूनतरी एक बार उडतो, मग नुसता धूर. तो विरतो तेव्हा गवतावर आठ माणसं पडलेली असतात. लाल कोटवाले जयघोष करतात आणि काँकर्डच्या वाटेला लागतात.

१९ एप्रिल १७७५ ला इथे हेच झालं. काँकर्डला गावकऱ्यांनी साठवलेला दारूगोळा जप्त करायला सातशेच्या आसपास ब्रिटिश शिपाई रात्रीच बोस्टनहून निघाले होते, वाटेत लेक्सिंग्टन लागलं. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं ते या चकमकीनं. पुढे त्याच दिवशी काँकर्डच्या पुलावर आणि परतीच्या वाटेवर ब्रिटिशांचे हाल झाले खरे, पण या हिरवळीवर गावकरी हरले. आणि हे गाव दरवर्षी पहाटे उठून आपली हार पुन्हा वठवून बघतं. मी साताऱ्याचा. सोळा वर्षं या भागात राहतोय आणि दर एप्रिलला ही गोष्ट मला नव्यानं आत लागते.

आमच्या गल्लीतला एक शेजारी शाळेत गणित शिकवतो. तो दरवर्षी लाल कोट घालतो, म्हणजे शत्रू होतो. कोट त्यानं एका हिवाळ्यात हातानं शिवलाय, काजं आणि अस्तरासकट. त्याच्या गॅरेजमध्ये बसून मी काडतुसं वळली आहेत. लाकडी दांडीभोवती कागद गुंडाळायचा, एक टोक बंद करायचं, मोजून दारू भरायची. खेळात गोळी नसते. बंदूक ठासणीची, गारगोटीच्या ठिणगीवर उडणारी, वजन साडेचार किलोच्या घरात. काडतूस दातानं फाडायचं, चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवायची दारू, बंदुकीच्या कानाशी टाकायची, उरलेली दारू नळीत. खऱ्या लढाईत वर गोळी आणि गजानं ठासणं. कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा. मला पहिल्याला दीड मिनिट लागलं, आणि जिभेवर खारट, गंधकाची चव संध्याकाळपर्यंत राहिली. त्या चवीनंतर लढाईचं वर्णन मी पूर्वीसारखं वाचू शकलो नाही.

आता घरचं. २०२४ च्या जुलैत लंडनच्या संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली. अफजलखानावर वापरली गेली ती हीच, असं खात्रीनं सांगता येत नाही, हे त्या संग्रहालयानंच सांगितलं होतं. आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर एकानं एवढंच विचारलं, "पुरावा काय?" तासाभरात त्याला गद्दार ठरवलं गेलं. तो ग्रुप सोडून गेला, आणि आमच्यातला इतिहासाचा सगळ्यात नाद असलेला माणूस तोच होता. २००४ मध्ये महाराजांवरच्या एका पुस्तकावरून पुण्यात भांडारकर संस्थेत जमाव घुसला, पोथ्यांची नासधूस झाली, तेव्हापासूनची ही वाट आहे. महाराजांवर प्रेम करणाऱ्या माणसाला पुरावा विचारायची भीती वाटावी, याचं मला मनापासून दुःख होतं.

लेक्सिंग्टनला वाद नव्हते असं नाही. पहिला बार कोणाचा, हे आजही ठरलेलं नाही. लढाईनंतर थोड्याच दिवसांत गावकऱ्यांचे शपथेवर जबाब घेतले गेले. आम्ही पांगत होतो आणि आमच्यावर गोळ्या झाडल्या, असं त्यांत आहे. त्याच वर्षी आमोस डूलिटल यानं कोरलेल्या चित्रातही गावकरी पांगतानाच दिसतात. पन्नास वर्षांनी काँकर्डनं पहिला प्रतिकार आमचा म्हटल्यावर लेक्सिंग्टनच्या म्हाताऱ्यांनी पुन्हा जबाब दिले, की आम्हीही उलट गोळ्या झाडल्या होत्या. १८८६ च्या मोठ्या तैलचित्रात तर ते छाती काढून उभे आहेत. गावाचा मान वाढला तसं चित्र बदललं, अगदी आपल्यासारखंच. फरक इतकाच, की हे दोन्ही जबाब इथे समोरासमोर ठेवून शिकवले जातात, आणि त्यानं कोणाचे पूर्वज लहान होत नाहीत.

यात काही सगळं गोजिरं नाही. जखमी गावकऱ्यांत प्रिन्स एस्टाब्रुक हा गुलाम होता. स्वातंत्र्यासाठी गोळी खाल्ली तेव्हा तो कोणाच्या तरी मालकीचा होता. आज त्याच्या नावाचा दगड बकमन खानावळीसमोर आहे, पण तिथवर यायला या गावाला फार, फार वेळ लागला. आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडे यादवी युद्धाचे खेळ होतात, तिथे गुलामगिरी राखायला लढलेल्यांचा झेंडा कौतुकानं मिरवणारे मला सहन होत नाहीत. वेश घातला म्हणून समज येतेच असं नाही.

तरीही मला हे साताऱ्यात हवंय. दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर हळीव पेरणारी आपली पोरं मोठी झाली की त्यांच्या हाती उरतात फक्त घोषणा आणि स्टेटस. अजिंक्यताऱ्याचा वेढा घ्या. डिसेंबर १६९९ मध्ये खुद्द औरंगजेब येऊन बसला. प्रयागजी प्रभूंनी गड साडेचार महिने लढवला. मोगलांनी उडवलेल्या सुरुंगानं तट त्यांच्याच माणसांवर कोसळला. मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले, आणि एप्रिलमध्ये गड द्यावा लागला. त्या साडेचार महिन्यांत गडावर दाणा किती होता, पाणी कुठल्या टाक्यातलं, तोड्याच्या बंदुकीची वात वाऱ्यात कशी पेटती ठेवायची, हे एका सकाळीपुरतं हातानं करून बघायला काय हरकत आहे? गड गेला, तेही दाखवून.

माझा भाचा रविवारी मित्रांबरोबर गडसंवर्धनाला जातो. त्याला हे सगळं लिहिलं. आठवड्यानं त्याचा फोन आला. "मामा, पोरं तयार आहेत, पण सगळ्यांना मावळाच व्हायचंय. मोगल व्हायला एकही जण नाही. घरचेच बोलतील म्हणतात."

डिसेंबरात तीन आठवडे येतोय. जाम्यासाठी छातीचं आणि उंचीचं माप त्याला काल रात्री पाठवलं.